मेंदूचे रंगीत चित्र : कशाच्या तुलनेत?

मेंदूविषयीचे पुस्तक असो, शिक्षक-प्रशिक्षणातले व्याख्यान असो की वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी असो, एक चित्र हमखास भेटते. मेंदूचा करडा छेद आणि त्यावर एखाददुसरा लाल-पिवळा ठिपका. खाली ओळ असते, 'वाचताना मेंदूचा हा भाग काम करतो', किंवा 'हे गणिताचे केंद्र'. चित्र पाहिले की पुढचे बोलणे लगेच पटते. प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिल्यावर शंका कशाला घ्यायची?

आमची तक्रार या चित्रांबद्दल नाही. गेल्या पन्नास वर्षांत कवटी न उघडता जिवंत माणसाच्या मेंदूचे काम अभ्यासता येऊ लागले, ही विज्ञानाची मोठी कमाई आहे. तक्रार आहे ती हे चित्र छायाचित्रासारखे वाचले जाते याबद्दल. छायाचित्रात जे असते ते कॅमेऱ्यासमोर असते. मेंदूच्या चित्रातला लाल ठिपका मात्र एका वजाबाकीचे उत्तर असतो. कशातून काय वजा केले हे माहीत नसेल, तर त्या उत्तराला अर्थ राहत नाही. आणि नेमकी हीच माहिती बहुतेक वेळा चित्राखालून गळालेली असते. याचे परिणाम वर्गातल्या मुलांपर्यंत पोचतात, म्हणून शिक्षकांपुढे हा विषय जरा सविस्तर मांडत आहोत.

रक्त, लोह आणि चुंबक

आज दिसणारी बरीचशी चित्रे 'कार्यात्मक एम. आर. आय.' या तंत्राने घेतलेली असतात. त्याचे मूळ रसायनशास्त्रातल्या एका जुन्या निरीक्षणात आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये लोह असते. १९३६ साली लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी दाखवले, की ऑक्सिजन धरून ठेवलेले हिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढले जात नाही. ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिन मात्र क्षीणपणे ओढले जाते. पुढे १९९० मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सेइजी ओगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवले, की एम. आर. आय. यंत्राला हा फरक टिपता येतो. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या वेगवेगळ्या गटांनी हेच तंत्र माणसावर वापरले. कोणतेही रसायन टोचावे लागत नाही, किरणोत्सर्ग नाही. त्यामुळे ते झपाट्याने पसरले.

मेंदूच्या एखाद्या भागातल्या चेतापेशींचे काम वाढले, की तिकडे जाणारा रक्तप्रवाह वाढतो. गंमत अशी, की तो गरजेपेक्षा पुष्कळच जास्त वाढतो. एखाद्या वस्तीत पाण्याची मागणी थोडी वाढली आणि नगरपालिकेने एकदम दहा टँकर पाठवले, तसे हे आहे. ऑक्सिजन खर्च होतो त्याहून अधिक येतो, ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण घटते, आणि यंत्राला मिळणारा संदेश किंचित वाढतो.

म्हणजे हे यंत्र विचार मोजत नाही, चेतापेशींचे संदेशही मोजत नाही. ते टँकर मोजते. टँकरांवरून पाणी कुठे लागले याचा अंदाज येतो आणि तो बराच भरवशाचाही असतो. पण वस्तीत पाणी कशासाठी वापरले, स्वयंपाकाला की कपडे धुवायला, हे टँकरांवरून कळत नाही.

काही आकडे ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. चेतापेशीचा संदेश सेकंदाच्या हजाराव्या भागात येतो आणि जातो. रक्तप्रवाहातला बदल शिगेला पोचायला साधारण ५ सेकंद लागतात. चित्रातला लहानात लहान ठोकळा अनेक प्रयोगांत २ ते ३ मिलिमीटर बाजूचा असतो. तेवढ्यात लाखो चेतापेशी मावतात. संदेशातला बदल बहुधा एखाद-दोन टक्क्यांचा असतो. याउलट डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूतली विद्युत्-स्पंदने टिपणारे ई. ई. जी. हे तंत्र पाहा. त्याविषयी हान्स बर्गर यांनी १९२९ मध्येच लिहिले होते. ते वेळ अचूक सांगते. जागा मात्र ढोबळच सांगते. एकाला 'कुठे' चांगले कळते, दुसऱ्याला 'केव्हा'. सगळे सांगणारे यंत्र अजून झालेले नाही.

करडा भाग झोपलेला नसतो

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. पण विश्रांतीच्या वेळीही तो शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो. एखादे काम दिल्यावर हा खर्च फार वाढत नाही. वाढ बहुधा ५ टक्क्यांच्या आतच असते. चित्रात करडा दिसणारा भागही जोरात कामात असतो. फक्त दोन अवस्थांमध्ये त्याच्या कामात फरक पडलेला नसतो, किंवा पडलेला फरक टिपता आलेला नसतो. 'आपण मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो' ही दंतकथा असल्या चित्रांच्या आधारे सांगणाऱ्यांनी एवढे जरी लक्षात घेतले तरी पुरे.

वजाबाकीचे उदाहरण म्हणून एक जुना, नमुनेदार प्रयोग पाहू. १९८८ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात स्टीव्हन पीटरसन, मार्कस रायकल आणि सहकाऱ्यांनी 'पेट' हे तंत्र वापरून शब्दांचा अभ्यास केला. त्यात किरणोत्सारी ऑक्सिजन असलेले पाणी शिरेतून देऊन मेंदूतला रक्तप्रवाह मोजतात. हा ऑक्सिजन सुमारे २ मिनिटांत निम्मा होतो. प्रयोगात चार पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीवर पडद्यावरच्या एका खुणेकडे नुसते पाहायचे. दुसऱ्या पायरीवर शब्द समोर येतो, पण करायचे काही नाही. तिसरीवर तो शब्द मोठ्याने म्हणायचा. चौथीवर त्या नामाला साजेसे क्रियापद सांगायचे. दुसरीतून पहिली वजा केली की उरते ते शब्द दिसण्याचे काम. तिसरीतून दुसरी वजा केली की उच्चाराचे. चौथीतून तिसरी वजा केली की अर्थाशी जोडलेले.

आता कोणी चौथ्या पायरीतून थेट पहिलीच वजा केली तर? उरलेल्या ठिपक्यांत पाहणे, उच्चारणे आणि अर्थ लावणे अशा सगळ्यांची सरमिसळ असेल. त्याला 'भाषेचे केंद्र' म्हणून मोकळे होता येईल. पण ते बरोबर ठरणार नाही. वजाबाकी बदलली की चित्र बदलते, माणूस तोच असला तरी.

लाल रंग कोण ठरवतो?

फरक कितीही लहान असला तरी तो असतोच. त्यातला कोणता फरक खरा मानून लाल रंगवायचा, हे संख्याशास्त्राने ठरवावे लागते. इथे एक सापळा आहे. तो वर्गात सहज दाखवता येतो. ३२ मुलांना प्रत्येकी ५ वेळा नाणे उडवायला सांगा. सरासरीने एका मुलाला पाचही वेळा छापा येईल. त्या मुलाच्या हातात काही विशेष गुण आहे असे आपण म्हणणार नाही. एवढ्या जणांनी नाणे उडवल्यावर कोणाला तरी ते यायचेच. मेंदूच्या चित्रात असे हजारो ठोकळे असतात. समजा ५०,००० ठोकळे तपासले आणि 'हजारात एकदा योगायोगाने चुकू' एवढी सूट प्रत्येक ठोकळ्याला दिली, तर काहीही घडलेले नसताना सुमारे ५० ठोकळे लाल होतील.

क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे फार मार्मिकपणे दाखवले. त्यांनी एक मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे 'दाखवली' आणि त्या माणसांच्या भावना कोणत्या, असा प्रश्न 'विचारला'. अनेक चाचण्यांसाठी करावी लागणारी दुरुस्ती न करता हिशोब केला तेव्हा मेलेल्या माशाच्या मेंदूत लाल ठिपका उमटला. दुरुस्ती केल्यावर तो नाहीसा झाला. या कामाला २०१२ चे इग-नोबेल पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात.

दुरुस्ती केली तरी प्रश्न संपत नाही. २०२० मध्ये 'नेचर'मध्ये एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. १०८ व्यक्तींच्या एकाच प्रयोगाची तीच माहिती ७० संशोधक गटांना दिली आणि तेच ९ प्रश्न विचारले. कोणत्याही दोन गटांनी हिशोब अगदी एकसारख्या रीतीने केला नाही, आणि काही प्रश्नांच्या 'हो-नाही' उत्तरांत बरीच तफावत पडली. मात्र रंगवण्याआधीचे नकाशे अनेक गटांचे पुष्कळसे सारखे होते. अर्थात, मोजमाप वाया गेले नव्हते. फरक पडला तो पुढच्या निर्णयांमुळे, आणि ते निर्णय छापील चित्रात दिसत नाहीत.

वाचनाचे काय?

आता शिक्षकांच्या जवळचा प्रश्न घेऊ. डिसलेक्सिया, म्हणजे वाचन-अक्षमता असलेल्या मुलांच्या मेंदूत डाव्या बाजूचे काही भाग वाचताना कमी सक्रिय दिसतात, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. हे चित्र दाखवून सांगितले जाते, 'बघा, दोष इथे आहे.' पण तुलना कोणाशी केली? त्याच वयाच्या, चांगले वाचणाऱ्या मुलांशी. या दोन गटांत दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एका गटाला वाचन-अक्षमता आहे. आणि त्याच गटाने आयुष्यात वाचलेलेही फार कमी आहे. दिसणारा फरक यातल्या कशाचा?

शंका पोकळ नाही. स्टानिस्लास देहान आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पोर्तुगाल व ब्राझीलमधल्या ६३ प्रौढांचा अभ्यास केला. काही निरक्षर, काही मोठेपणी वाचायला शिकलेले, काही लहानपणी शाळेत गेलेले. वाचन जितके चांगले, तितका मेंदूच्या डाव्या बाजूच्या एका विशिष्ट भागाचा अक्षरांना मिळणारा प्रतिसाद जास्त होता. मोठेपणी शिकलेल्यांतही हा बदल दिसला. म्हणजे वाचायला शिकण्यानेच मेंदूचे चित्र बदलते. मग कमी वाचणाऱ्याचे चित्र वेगळे दिसले, तर ते कारण की परिणाम?

यावर उपाय तुलनेतच आहे. फुमिको हॉफ्ट आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये वाचन-अक्षमता असलेल्या मुलांची तुलना दोन गटांशी केली. एक गट समान वयाचा. दुसरा वयाने लहान, पण वाचनात त्यांच्याच पातळीवरचा. पुढच्या बाजूच्या भागांत जी जास्त सक्रियता समवयस्कांच्या तुलनेत दिसत होती, ती समान वाचणाऱ्यांच्या तुलनेत दिसली नाही. ती वाचनाच्या पातळीशी निगडित होती. मागच्या बाजूच्या काही भागांतली कमी सक्रियता मात्र दोन्ही तुलनांत टिकली. तेच तंत्र, तीच मुले. दुसरा तुलनागट घेतल्यामुळे दोन प्रकारचे फरक वेगळे करता आले. या शास्त्रातले चांगले काम असे असते.

आपल्याशी थेट संबंध असलेला एक अभ्यास लखनौजवळच्या खेड्यांतला आहे. मायकेल स्काइडे, फाल्क ह्युटिग आणि सहकाऱ्यांनी तो २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. हिंदी बोलणाऱ्या निरक्षर प्रौढांना ६ महिने देवनागरी वाचायला शिकवले, आणि शिकवण्यापूर्वी व नंतर त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. शिकलेल्या २१ जणांत दृष्टीशी संबंधित, मेंदूच्या खोलवरच्या भागांचा वरच्या आवरणातल्या भागांशी ताळमेळ वाढलेला दिसला. न शिकलेल्या ९ जणांत तसे दिसले नाही. इथे तुलना तीच व्यक्ती आधी आणि तीच व्यक्ती नंतर अशी आहे, आणि जोडीला नियंत्रण गटही आहे. ही बाजू भक्कम. पण २१ आणि ९ ही संख्या लहान आहे, ही दुसरी बाजू. 'साक्षरता मेंदूची जोडणीच बदलते' अशा मथळ्यांनी पहिली बाजू फुगवली आणि दुसरी वगळली. तिशीतल्या खेडूत स्त्रिया सहा महिन्यांत वाचायला शिकल्या ही गोष्ट तर चित्राशिवायही सिद्ध झाली होती. प्रौढ साक्षरतेचे वर्ग घेतलेल्या शिक्षकांना ती केव्हाची ठाऊक आहे.

गटाचे सत्य आणि समोरचे मूल

इथे सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येतो. वर सांगितलेले सगळे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत. सातवीच्या मुलांची सरासरी उंची सहावीच्या मुलांपेक्षा जास्त असते, हे निर्विवाद. पण मैदानावरच्या एका मुलाची उंची मोजून तो सहावीत की सातवीत हे सांगून पाहा. कितीदा तरी चुकाल. मेंदूच्या चित्रांचे तसेच आहे. २०२२ मध्ये स्कॉट मारेक आणि सहकाऱ्यांनी सुमारे ५०,००० व्यक्तींच्या माहितीवरून दाखवले, की मेंदूच्या रचनेतले वा कामातले व्यक्तीव्यक्तींमधले फरक आणि त्यांची बुद्धिमत्ता वा वर्तन यांचे नाते फार क्षीण असते. ते भरवशाने सांगायला हजारो माणसे लागतात. अशा प्रकारच्या बऱ्याच अभ्यासांत तोवर वीस-पंचवीस माणसेच असत.

म्हणून चौथीत अडखळत वाचणाऱ्या एखाद्या मुलाच्या पालकांना कोणी सांगितले, की मेंदूचे चित्र काढा म्हणजे निदान होईल, तर शिक्षकांनी त्यांना थांबवायला हवे. वाचन-अक्षमतेचे निदान आजही वाचन-लेखनाच्या चाचण्यांनी, डोळे आणि कान तपासून, मुलाच्या शिकण्याचा इतिहास पाहूनच होते. शिक्षकाने मुलाजवळ बसून दहा मिनिटे त्याचे वाचन ऐकले, कोणती जोडाक्षरे चुकतात, ऱ्हस्व-दीर्घाकडे कसे पाहतो, अंदाजाने शब्द भरतो का हे टिपले, तर त्यातून पुढच्या आठवड्यात काय शिकवायचे ते कळते. मेंदूच्या चित्रातून ते कळत नाही.

'डाव्या मेंदूची मुले' आणि 'उजव्या मेंदूची मुले' या वाटणीचेही तेच. भाषेचे बरेच काम बहुतेकांत डाव्या बाजूला चालते हे खरे. पण २०१३ मध्ये १०११ व्यक्तींची मेंदूचित्रे तपासली, तेव्हा काही माणसे एकूणच 'डावी' व काही 'उजवी' असतात याला आधार सापडला नाही. तरीही या नावाने मुलांना चित्रकलेकडे किंवा गणिताकडे वळवले जाते. वयाच्या दहाव्या वर्षी चिकटवलेली अशी चिठ्ठी निघता निघत नाही.

ओले अंगण

एक तर्कदोष स्वतंत्रपणे सांगायला हवा. पाऊस पडला की अंगण ओले होते. पण अंगण ओले दिसले म्हणजे पाऊसच पडला असे नाही. कोणी सडा घातलेला असेल. मेंदूच्या बाबतीत हा दोष रसेल पोल्ड्रॅक यांनी २००६ मध्ये नेमकेपणाने मांडला. भीती वाटली की अमुक भाग सक्रिय होतो, यावरून 'तो भाग सक्रिय झाला, म्हणजे भीती वाटली' असे ठरत नाही. २०११ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मधल्या एका लेखात दावा होता, की फोनची घंटा ऐकून इन्सुला हा भाग उजळतो, म्हणजे माणसे आपल्या आयफोनवर अक्षरशः प्रेम करतात. चाळीसहून अधिक शास्त्रज्ञांनी पत्र लिहून निदर्शनास आणले, की हा भाग मेंदूचित्रांच्या जवळजवळ एक तृतीयांश अभ्यासांत उजळलेला आढळतो, आणि वेदना व किळस यांतही उजळतो.

फोनपुरते हे हसून सोडता येईल. पण २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात दोषी ठरवताना मेंदूच्या विद्युत्-स्पंदनांच्या चाचणीचाही आधार घेतला. विशिष्ट वाक्ये ऐकवल्यावर उमटणाऱ्या स्पंदनांवरून आरोपीला त्या घटनेचा 'अनुभव' आहे, असा अर्थ लावणारी ती चाचणी होती. ओल्या अंगणावरून पावसाचे अनुमान, आणि तेही एखाद्याच्या जन्मठेपेसाठी! मे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या अशा चाचण्या कोणावरही त्याच्या संमतीविना करता येणार नाहीत. हा निर्णय प्रामुख्याने घटनेतल्या हक्कांवर उभा आहे. शास्त्रीय आक्षेप वेगळा, आणि आमच्या मते तितकाच गंभीर आहे.

उलट दिशेने जाणारे अनुमान नेहमीच चुकते असे मात्र नाही. २००६ मध्ये एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी अपघातानंतर पाच महिने कोणताही प्रतिसाद न देणाऱ्या एका तरुणीला यंत्रात ठेवून सांगितले, 'टेनिस खेळत आहोत अशी कल्पना कर'; नंतर, 'घरातल्या खोल्यांतून फिरत आहोत अशी कल्पना कर'. या दोन कल्पनांचे वेगवेगळे नमुने निरोगी व्यक्तींत आधीच पाहिलेले होते. तेच दोन नमुने, त्या त्या सूचनेनंतर, तिच्यातही दिसले. जिला जाणीव नाही असे समजले जात होते ती ऐकत होती आणि सूचना पाळत होती. इथे अनुमान टिकले, कारण सडा कोणता आणि पाऊस कोणता हे ओळखण्याची व्यवस्था आधीच केलेली होती.

म्हणून यापुढे मेंदूचे रंगीत चित्र समोर आले, तर व्याख्यात्याला चार प्रश्न विचारावेत. एक, कशाच्या तुलनेत हा भाग लाल आहे? दोन, किती जणांचा अभ्यास होता, आणि पुन्हा कोणी करून पाहिला का? तीन, हे कारण आहे की परिणाम? चार, चित्र काढून टाकले तर तुमच्या शैक्षणिक सल्ल्याला दुसरा कोणता आधार उरतो? जाणकार व्याख्याता या प्रश्नांनी खूश होईल. जो रागावेल, त्याच्या सल्ल्याने आपल्या वर्गात काही बदल करू नये.